काही अडलं नाही

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली आणि बसल्यावर निदियाला स्वेटरच्या बाहीवर एक पिवळा धागा दिसला. बोटभर लांब, मधोमध गाठ मारलेला, गाठीच्या अलीकडे कातरीनं तिरका कापलेला. ऑगस्टमधली, इथल्या हिवाळ्यातली, सोमवारची सकाळ होती. नदीवरून चढलेलं धुकं अजून शहरातून निघायला तयार नव्हतं, काचांवर माणसांच्या श्वासाची वाफ जमली होती, आणि त्या मळकट उजेडातही धागा पिवळाच होता. तिनं तो चिमटीत धरून खिडकीकडे नेला. शुक्रवारी तिनं लाल धाग्यांची रोपं कापली होती. फक्त लाल. पिवळा धागा बाहीला चिकटायचं काही कारणच नव्हतं. शेजारच्या बाईनं आपली पिशवी पायांतून उचलून मांडीवर घेतली, ड्रायव्हरनं कुणा सायकलवाल्याच्या आईचा उद्धार केला, बस बुलेव्हारच्या रुंद रस्त्यावर वळली, आणि निदियानं धागा मुठीत मिटून घेतला. तिला अजून काही समजलं नव्हतं. समजणं दोन थांब्यांनंतर आलं.

संस्थेच्या रोपखोलीत ती सत्तावीस वर्षं एकाच झाडाची निगा राखत आली होती. झाड कसलं, तण; मोहरीच्या कुळातलं, वीतभर उंचीचं, कुणी गुरालाही घालणार नाही असं. पण त्याची पिढी दोन-अडीच महिन्यांत पुरी होते आणि त्याच्या पोटातलं जवळजवळ सगळं माणसांनी वाचून ठेवलेलं आहे. प्रयोगशाळेचा प्रमुख आन्सेल्मो ह्या तणातल्या दोन जनुकांवर म्हातारा झाला होता. दोन्ही एकाच जुन्या जनुकाच्या नकला; लाखो वर्षांपूर्वी एकाचे दोन झालेले, तेव्हापासून जरा जरा वेगळे होत गेलेले, पण काम एकच करणारे. फूल होऊ घातलं की आतल्या वर्तुळांना सांगायचं, तुम्ही पुंकेसर व्हा, तुम्ही बीजकोश. एक मोडलं तर दुसरं सांभाळून घेतं आणि रोपाकडे बघून कुणाला पत्ता लागत नाही. दुसरं मोडलं तर पहिलं सांभाळतं. दोन्ही मोडली तर मात्र फुलाला थांबायचं कळत नाही. पाकळीच्या आत हिरवट पाकळी, तिच्या आत आणखी एक, तिच्याही आत कळी, असं चालूच राहतं आणि बी धरत नाही. त्यामुळे असल्या रोपाचा वंश त्याच्या स्वतःतून पुढे जात नाही. तो जातो त्याच्या साध्यासुध्या दिसणाऱ्या भावंडांतून, ज्यांच्यात पहिलं जनुक पुरतं मोडलेलं असतं आणि दुसऱ्याची एक प्रत मोडकी, एक शाबूत. त्या एका शाबूत प्रतीवर ती निरोगी दिसतात, फुलतात, शेंगा धरतात, आणि त्यांचं बी पेरलं की चारांत एक तसलं विचित्र रोप मिळतं. अडचण एवढीच की त्यांच्याचसारखी दिसणारी आणखीही काही रोपं त्याच ट्रेमध्ये उगवतात, ज्यांच्यात दुसऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत असतात. ती नको असतात. कोण कुठलं ते पानाचा तुकडा तपासूनच कळतं. मग देठाला धागे बांधायचे. पिवळा म्हणजे ठेवायचं, लाल म्हणजे कापून टाकायचं. विचित्र फुलांना धागा लागत नाही, ती आपली आपण ओळखू येतात.

ह्या खेपेला एकतीस रोपं होती. आठ विचित्र, आठ लाल, पंधरा पिवळी. एरवी ट्रे गेला तर मागच्या पिढीचं बी फ्रिजात असतंच; पण जानेवारीत, भर उन्हाळ्यात, उकाड्यानं शहराची वीज तीन दिवस गेली तेव्हा त्या फ्रिजातल्या पुड्या भिजल्या, बुरशीनं काळ्या पडल्या. त्यातून चिमट्यानं निवडून निवडून जे जगवलं ते हे एकतीस. होर्हेलिनाचा सगळा प्रबंध त्या पंधरांवर होता. होर्हेलिना आन्सेल्मोची विद्यार्थिनी. तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती, आणि हीच जोडी पहिल्यापासून पुन्हा जुळवून आणायची तर दीड वर्ष लागतं. निदिया बसमध्ये बसून ही बेरीज करत नव्हती, बेरीज आपली आपण होत होती.

ती आपल्या थांब्यावर उतरली, पहारेकऱ्याला रोजच्यासारखी मान हलवली, डगला चढवला आणि कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी गेली. खिडकीचा कट्टा रिकामा होता. धूळ, एक मेलेली गांधीलमाशी, कुणाचा तरी माते नावाच्या कडू चहाचा तुंबा, त्यात कालची ओली पानं. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. मग रोपखोलीत गेली. ट्रेमध्ये आठ विचित्र रोपं आपल्या न संपणाऱ्या हिरव्या फुलांसकट उभी होती आणि त्यांच्या भोवती तेवीस खुंट होते, एकाच उंचीवर, नीट कापलेले. तिची कातर नेहमी एकाच उंचीवर कापते. बदललेली जनुकं बाहेर जाऊ नयेत म्हणून कापलेलं सगळं पिशवीत भरून वाफेच्या यंत्रात घालायचं असतं. तेही तिनं शुक्रवारीच, चारच्या आत, नियमाप्रमाणे उरकलं होतं. आतून निघतो तो नुसता उकडलेल्या भाजीसारखा लगदा.

दिवे दोन वर्षांपूर्वी बदलले होते. जुन्या पांढऱ्या नळ्या गेल्या आणि लाल-निळ्या ठिपक्यांचे जांभळट दिवे आले. रोपांना म्हणे तेवढेच रंग पुरतात. माणसांना पुरत नाहीत. त्या उजेडात हात प्रेतासारखे दिसतात, आणि पिवळं आणि लाल दोन्ही लालच दिसतं. हे दोघींना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, तिला आणि तिच्या जोडीनं काम करणाऱ्या इल्दाला. म्हणून इल्दा आदल्या दिवशी ट्रे उचलून कॉरिडॉरच्या खिडकीत न्यायची, दिवसाच्या उजेडात पिवळी रोपं त्यांच्या छोट्या कुंड्यांसकट काढून कट्ट्यावर ओळीनं मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी निदिया कातर घेऊन आत जायची तेव्हा धागा बांधलेलं जे काही ट्रेमध्ये उरलेलं असे ते सगळं कापायचंच असे. असं कुणी ठरवलं नव्हतं. कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं की ट्रे इल्दानं न्यायचा आणि कातर निदियानं धरायची. पुष्कळदा उलटंही झालेलं असेल, आता आठवत नाही. दोघींना सगळं येत होतं. दोघी पेरायच्या, दोघी पाणी द्यायच्या, दोघी भिंगाखाली बसून मिरीच्या दाण्याच्या दहाव्या भागाएवढं बी ओल्या काडीनं एकेक उचलायच्या, आणि बाहेरचा माणूस टेबलापाशी आला तर कुणाला काय विचारायचं ह्याचा त्याला प्रश्न पडायचा; दोघींपैकी कुणालाही विचारलं तरी चालत असे. शुक्रवारी कापताना क्षणभर निदियाला वाटलं होतं की आज फार आहेत. वाटलं आणि गेलं. समोर कुणी असतं तर ते वाटणं तोंडातून बाहेर पडलं असतं, आज फार आहेत नाही गं, आणि समोरून उत्तर आलं असतं. माणूस एकटा असला की असली वाक्यं घशाच्या खालीच विरघळून जातात. इल्दाला तर मोठ्यानं मोजायची सवय होती. वैताग यायचा. एक, दोन, तीन, चर्चमध्ये जपमाळ ओढल्यासारखी. निदियानं कितीदा तरी म्हटलं असेल, मनात मोज की बाई.

मार्चमध्ये एका सकाळी इल्दाच्या हातून भिंग सुटलं. फुटलं नाही, टेबलावर पडून गोल फिरत राहिलं आणि इल्दा आपल्या डाव्या हाताकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तशी बघत राहिली. मेंदूत छोटी गुठळी. तोंड सरळ राहिलं, बोलणं राहिलं, पाय महिन्याभरात चालू लागला. हात तेवढा अर्धवट मागे राहिला. इल्दा करारावर होती, वर्षाचा करार, तो दर जूनमध्ये नवा व्हायचा, निदिया कायम. त्याला कारणही काही नव्हतं, ज्या वर्षी दोघींनी अर्ज केले त्या वर्षी कायम जागा एकच निघाली होती आणि आडनाव आधी येतं म्हणून यादीत निदिया वर होती. मेच्या मधल्या आठवड्यात आन्सेल्मोनं तिला खोलीत बोलावलं, कॉफी दिली. सत्तावीस वर्षांत त्यानं स्वतः कॉफी ओतून दिल्याचं तिला आठवत नव्हतं. इल्दाची चौकशी केली, मग कपातल्या चमच्याकडे बघत विचारलं, अडतंय का काही? आणि निदिया म्हणाली, नाही, जमतं मला. हे ती का म्हणाली ह्यावर नंतर तिनं पुष्कळ विचार केला. तिला ती स्तुती वाटली होती, हे एक. आपल्याला कुणी तरी विचारतंय, आपण पुरे पडतो असं म्हणायची संधी देतंय. आणि दुसरं, ते खरंच होतं. मार्च, एप्रिल, मे, एक पेरणी चुकली नव्हती, एक नोंद राहिली नव्हती. सकाळी ती अर्धा तास आधी येत होती, दुपारचं जेवण उभ्यानं करत होती, आणि ट्रे बघून कुणाला सांगता आलं नसतं की दोनांपैकी एक माणूस नाही. खिडकीत ट्रे न्यायचं कामही त्या तीन महिन्यांत ती करत होती, इल्दा नाही हे आठवणीनं बजावून, दर वेळी. मग जून गेला, जुलै गेला, आणि बजावणं सुटलं. ती नाही ह्याची सवय झाली म्हणून नव्हे. उलटंच. थकल्यावर शरीर जुन्या वाटेनं गेलं, ज्या वाटेवर इल्दा होती.

करार नवा झाला नाही. इल्दाला टपालानं पत्र आलं. त्याच्या आधी, मेमध्येच, त्या कॉफीच्या दिवशी संध्याकाळी, निदियानं तिला फोन केला होता आणि हात कसा आहे, व्यायाम करतेस का, सून नीट बघते का, असं सगळं विचारून झाल्यावर म्हटलं होतं, तू निवांत राहा हं, इथलं डोक्यात घेऊ नकोस, काही अडलेलं नाही. मग इल्दा म्हणाली होती, बरं.

होर्हेलिना साडेनऊला आली, ओल्या केसांनी, हातात बेकरीची पिशवी, आणि डगला चढवता चढवताच म्हणाली की निदिया, तुझा चेहरा बघून वाटतं काल फुटबॉलचा संघ हरला तो तुझ्या एकटीचाच. निदिया हसली. होर्हेलिनानं तिच्यासमोर एक अर्धचंद्री पाव ठेवला आणि सांगत सुटली, आज विचित्र फुलांचे फोटो घ्यायचे, पिवळ्यांच्या शेंगा कधी पिकतील, पंधरवडा, तीन आठवडे? निदियानं म्हटलं, बघू. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मुलगी गाणं गुणगुणत कॅमेरा लावायला गेली. आठ विचित्र रोपं तिनं ट्रेसकट मागवली असती तर खुंट दिसले असते. पण निदियानं तत्परतेनं एकच कुंडी उचलून तिच्यापुढे आणून ठेवली आणि मुलगी म्हणाली, तू नसतीस तर माझं काय झालं असतं.

आन्सेल्मोच्या टेबलावर एक कागद होता. दुसरी तंत्रज्ञाची जागा ठेवायची की कायमची काढून टाकायची, त्याचा. तो ह्याच आठवड्यात वर जायचा होता. मागच्या बुधवारी त्यानं तिला दारातच गाठून विचारलं होतं, मी लिहू ना, एकावर भागतं म्हणून? तुझं काही वेगळं म्हणणं असेल तर सांग. आणि इल्दाच्या डॉक्टरनं तर म्हटलं होतं की सप्टेंबरपासून अर्धा दिवस काम करायला हरकत नाही. हे निदियाला माहीत होतं, आन्सेल्मोला माहीत नव्हतं. ती म्हणाली होती, सोमवारी सांगते. हा सोमवार होता. तिच्या डोक्यात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खणांत होत्या, हा कागद आणि ते खुंट, आणि सकाळभर ती त्यांना वेगळं ठेवायचा प्रयत्न करत होती. कारण एकत्र आणल्या तर वाक्य एकच होत होतं, आणि ते वाक्य म्हटलं की सत्तावीस वर्षं ती जी होती ती ती राहत नव्हती. निदियाच्या हातून रोप मरत नाही, असं नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगत असत. तिच्यासमोर सांगत असत. ती मान खाली घालून काम करत राहायची आणि मानेमागून ते वाक्य ऊन पडल्यासारखं तिच्या अंगावर पडायचं. नवरा गेला, घर लहान झालं, मुलगा कोर्दोबाला गेला तो सणासुदीपुरता उरला, त्या सगळ्यात हे एक वाक्य होतं.

दुपारी सगळं शहर जेवून झोपतं तेव्हा ती बाहेर पडली आणि चालत ग्वादालुपे भागातल्या इल्दाच्या घराकडे गेली. दुकानांची शटरं खाली होती. तळ्याकडून गारठा येत होता, पाणी आणि आकाश एकाच धुपकट रंगाचं. इल्दा स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीपाशी बसून संत्रं सोलत होती. डाव्या हाताच्या कोपरानं ते टेबलाच्या कडेशी दाबून धरायचं आणि उजव्या अंगठ्यानं साल ओढायची. निदियाचा हात पुढे झाला आणि मागे आला. पाच महिन्यांत ती तीनदा आली होती. तीनदा, आणि प्रत्येक वेळी केक घेऊन. आज हातात काही नव्हतं.

"झोपायच्या वेळेला आलीस म्हणजे कुणीतरी मेलं," इल्दा म्हणाली.

"तेवीस."

इल्दाचा अंगठा थांबला. किती लाल होती तिनं विचारलं. निदियानं सांगितलं, आठ. मग तिनं काही विचारलं नाही, वजाबाकी केली. "खिडकीत नेली नाहीस," ती म्हणाली, आणि तो प्रश्न नव्हता. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, पडदा सरकून लगेच मिटावा तितकाच वेळ, आणि निदियाला एकदम कळलं की आपण हेच बघायला आलो होतो. सबंध वाट आपण हे घेऊन आलो, केकसारखं, दोन्ही हातांत धरून. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं कोट काढला नाही, तशीच खुर्चीवर टेकली आणि घाईघाईनं सगळं बोलून टाकलं. की मी आन्सेल्मोला सांगणार आहे, एकटीला होत नाही म्हणून. की कागद अजून वर गेलेला नाही. की तू सप्टेंबरपासून अर्धा दिवस ये, डॉक्टर हो म्हणालाच आहे, भिंगाचं मी बघेन, तू नुसती ये.

"मेमध्ये विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

निदियानं वर बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तूच सांगितलंस, फोनवर. काही अडलेलं नाही म्हणालीस. ज्यानं विचारलं असेल त्यालाही तेच म्हणाली असशील. तू दोन माणसांना दोन गोष्टी सांगणारी नव्हेस."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं गं."

"माहीत आहे." इल्दानं संत्र्याची एक फोड तिच्यापुढे सरकवली. "आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून पुष्कळ गोष्टी सांगतात, बारके. हवा छान आहे, रंग सुधारलाय. तुझ्यावाचून सगळं मजेत चाललंय, ही त्यातली नव्हे. मी इथं बसून रोज हिशेब करायची, आज मंगळवार, आज पेरणी, आज एकटीला दोन ट्रे, आज हिची तारांबळ होणार. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटायचं मला, तुझी तारांबळ होतेय म्हणून. आणि तू म्हणालीस, काही नाही. एवढी वर्षं मी तिथं काय उपटत होते मग?"

निदियानं फोड तोंडात घातली, कारण काहीतरी करायला हवं होतं. आंबट होती. शेगडी फुरफुरत होती. तिला सांगायचं होतं की तू होतीस तिथे मी आता रोज दोनदा बघते, एकदा माझ्या डोळ्यांनी आणि एकदा तुझ्या. की दुसऱ्यांदा बघताना मी थकते. पण असं बोलायची दोघींत रीत नव्हती. इतकी वर्षं त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघी बियांबद्दल, पावसाबद्दल, मुलांबद्दल, कमरेबद्दल बोलल्या होत्या. एकमेकींबद्दल कधी नाही. त्याची गरजच पडली नव्हती.

इल्दा उठली. पाय थोडा ओढत आतल्या खोलीत गेली आणि तिची जुनी वही घेऊन आली, काळ्या पुठ्ठ्याची, पाण्याचे डाग पडलेली. पत्र आलं त्या दिवशी तिचं सामान खोक्यातून घरी पाठवलं होतं त्यात ती आली होती. तिनं एक कोरं पान काढलं, कोपरानं वही दाबली आणि उजव्या हातानं लिहायला लागली. निदियानं विचारलं काय लिहितेस. इल्दा लिहितच राहिली आणि मान वर न करता म्हणाली, दिवे बदलल्यावर धाग्यांची रीत बदलली असं. धागा कुठल्याही रंगाचा असो, टाकायचं; ठेवायच्या रोपांना धागाच नाही. तारीख दोन वर्षांपूर्वीची. तू माझ्या वहीवर विसंबलीस आणि रोपं गेली.

"इल्दा, नको."

"माझं नाव तिथं आता कशाला लागतंय? मला काढूनच टाकलंय. तुला निवृत्तीपर्यंत दोन वर्षं काढायची आहेत तिथं. तुझ्या हातून रोप जात नाही म्हणतात ना, म्हणू देत."

"तू परत येणार असशील तर..."

"मी येणार नाही. तू चुकलीस म्हणून तर नाहीच नाही." तिनं वही मिटून निदियाच्या मांडीवर ठेवली. अक्षर नेहमीसारखं होतं, बारीक, उजवीकडे कललेलं. निदिया उठली, वही पिशवीत घातली, कारण ती तिथेच ठेवणं म्हणजे दुसऱ्यांदा तिला नको म्हणणं झालं असतं. दारापर्यंत इल्दा आली. बाहेरच्या फाटकाला हात लावून उभी राहिली आणि रस्त्याकडे बघत तिनं विचारलं, ते दिवे अजून तसेच आहेत का. निदिया म्हणाली, तसेच. डोकं दुखतं का तुझं. दुखतं. चारला पाच मिनिटं बाहेर जात जा, इल्दा म्हणाली, आणि आत गेली.

परत जाताना निदियाला वाटलं वही जड आहे. ती खरंच जड नव्हती. त्या एका पानानं सगळं नीट बसत होतं, हे भयंकर होतं. होर्हेलिना चिडली असती ती वहीवर. आन्सेल्मोनं मान हलवली असती. निदिया पूर्वी होती तशीच राहिली असती, आणि इल्दाच्या नसण्याचा अखेर कुणालातरी पत्ता लागला असता, पण असा, की ती होती तेव्हाच काहीतरी चुकत होतं. आन्सेल्मो दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर दोन जनुकांची दोन वर्तुळं काढून सांगायचा की एक काढलं आणि काही बदललं नाही तर ते निरुपयोगी होतं असं लिहिणारा माणूस माझ्या प्रयोगशाळेत नको. निदिया ट्रे पुसत मागे उभी असायची. त्याच माणसानं तिला कॉफी देऊन विचारलं होतं, अडतंय का काही. त्याच्या डोक्यात त्या दोन गोष्टी कधी भेटल्याच नव्हत्या. तिच्यातरी कुठे भेटल्या होत्या, सकाळच्या बसपर्यंत?

तिनं वही आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मग होर्हेलिनाला बोलावलं, रोपखोलीचं दार उघडलं, ट्रे उचलून कॉरिडॉरमध्ये उजेडात आणला आणि खाली ठेवला. मुलगी खुंटांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरायला फार वेळ लागला नाही, ती हुशार होती. "सगळे?" तिनं विचारलं. निदिया म्हणाली, "सगळे. मी कापले. शुक्रवारी." होर्हेलिना खाली बसली, फरशीवर, आणि एका खुंटाला बोटानं शिवली, मग दुसऱ्या. ती रडली नाही, ओरडली नाही, थोड्या वेळानं म्हणाली की मला जरा एकटीला राहू दे, आणि नंतर, निदिया वळल्यावर, पाठीमागून म्हणाली, "तू मला सकाळी पाव खाऊ दिलास."

आन्सेल्मोनं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून डोळे चोळले. तो वाईट माणूस नव्हता. दिव्यांचा दोष लिहू म्हणाला, मुलीला मुदतवाढ मागू, नाही मिळाली तर एक प्रकरण गाळू. निदिया म्हणाली की दिव्यांचा दोष नाही, एकटीला होत नाही. मेमध्ये मी होतं म्हणाले ते चूक होतं. ती जागा राहू दे. इल्दाला अर्धा दिवस बोलव. ती नाही म्हणेल, तरी बोलव. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि तिला दिसलं की त्याला खरोखरच मदत करायची आहे. त्यानं टेबलावरचा कागद पुढे ओढला, पेन उघडलं.

"इथे एक रकाना आहे," तो म्हणाला. "जागा रिकामी राहिल्यानं कोणतं काम होत नाही. हा भरल्याशिवाय वर कुणी बघणार नाही. सांग. इल्दा काय करायची?"

निदिया समोरच्या खुर्चीवर बसली. तिनं सकाळपासून सुरुवात केली. सातला दार उघडायची, खोलीचं तापमान लिहायची. आता कोण लिहितं? मी. पाणी घालायची. कोण घालतं? मी. माती चाळायची, ट्रे भरायची, बी निवडायची. मी. पानांचे तुकडे काढायची, धागे बांधायची, शेंगा पिकल्या की पुड्यांत भरून नाव घालायची. मी. खिडकीत न्यायची. ते आता मी नेईन, विसरणार नाही. मोजायची मोठ्यानं. आन्सेल्मोनं पेन टेकवलं आणि उचललं. मोजणं तूही करतेस ना, त्यानं हळूच विचारलं. हो, निदिया म्हणाली. मीही मोजते. तो थांबला, तिला आणखी काही आठवावं म्हणून वाट बघत. खिडकीबाहेर धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. आणखी काही नव्हतं. तिनं एकही गोष्ट लपवली नव्हती, सगळी उत्तरं खरी होती, आणि रकाना कोरा होता.